चौकटीतलं नाव

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे. शाळेतल्या फळ्याला निदान सुट्ट्या असतात. मी आमच्या गावच्या एस.टी. थांब्यावरचा वार्ताफलक. देवळाली प्रवराकडून येणारी गाडी उसाच्या रानातलं शेवटचं वळण घेते, तेव्हा खिडकीतून आधी मी दिसतो आणि मग गाव.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना आधी स्वतःची थोरवी सांगतात. मी आधी गुन्हा सांगतो. माझ्यावर लिहिलेलं एका बाईचं नाव भर दुपारी पुसलं गेलं. तुम्ही म्हणाल, फळ्यावरचं पुसलं जाणारच, त्यात फळ्याचा काय दोष? ऐका, मग ठरवा.

माझा जन्म सोसायटीच्या खताच्या गोदामात झाला. म्हणजे मी तिथलं दार होतो. सागवानी, पण बिजागरीच्या बाजूनं किडलेलं. गोरक्षनाथ सुतारानं माझा किडका भाग कापला, मागून दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि मला अब्दुल पेंटरच्या ओट्यावर नेऊन टेकवलं. अब्दुलनं टॉर्चचे मेलेले सेल फोडून आतली काळी पूड काढली, नारळाच्या करवंट्या जाळून कोळसा कुटला, पाल्याच्या रसात ते सगळं कालवलं आणि मला तीन हात दिले. तीन दिवस उन्हात वाळलो. चौथ्या दिवशी त्यानं माझ्यावर पहिली ओळ लिहिली : 'कालव्याला पाणी मंगळवारी सुटेल.' आणि मित्रांनो, मंगळवारी खरंच पाणी सुटलं. त्या दिवसापासून गावाचा माझ्यावर विश्वास बसला.

अब्दुल चौथीपर्यंत शिकलेला. दुकानांच्या पाट्या बघून बघून त्यानं अक्षर कमावलं होतं. निवडणुकीत सगळ्या पक्षांच्या भिंती तोच रंगवायचा आणि कुणाच्याच भिंतीवर त्यानं वेलांटीची चूक केली नाही. एवढी प्रामाणिक सेवा त्या पक्षांची दुसऱ्या कुणी केली नसेल. माझ्यावर लिहिण्याचं मात्र तो काहीच घेत नसे. रोज सकाळी सातला खडूचा डबा घेऊन यायचा, माझ्यासमोर क्षणभर उभा राहायचा आणि लिहायला लागायचा. पाण्याची पाळी, ऊसतोडीचा कार्यक्रम, पोलिओचा डोस, दहावीचा निकाल. आणि मौत. कोण गेलं, माती किती वाजता, दहावा कधी. लोक पाण्याची पाळी वाचून पुढं जात. मौतीची ओळ वाचताना टोपी काढत.

आता झुंबरबाईचं सांगतो.

झुंबरबाई मूळची पाथर्डीकडची. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला आली आणि इथंच राहिली. नवरा भीमा तोडणी नसली की नदीत वाळूचे ट्रॅक्टर भरायचा. चोरीचीच वाळू ती. रात्रंदिवस उपसून नदीत विहिरीएवढे खड्डे केलेले. पावसाळ्यात पाणी चढलं, वरून सगळं सपाट दिसायला लागलं, आणि भीमा गुडघाभर पाण्यातून चालता चालता पुरुषभर खड्ड्यात गेला. ज्यांचा तो खड्डा होता त्यांना काही झालं नाही. होत नसतंच.

त्याचं नाव माझ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी झुंबरबाई चार वर्षांची पोर कडेवर घेऊन माझ्यासमोर आली.

"पेंटर, ह्यात माज्या मालकाचं नाव कोन्तं?"

अब्दुलनं बोट ठेवून दाखवलं. तिनं त्या अक्षरांना हात लावला नाही. अक्षरांच्या खाली, रिकाम्या जागेवर तिनं तळहात टेकला.

"उद्या पुसनार का तुमी हे?"

"रोजच पुसतो, बाई. नवं लिहावं लागतं."

"दहाव्यापर्यंत नका पुसू. मानूस जाऊन दोन दिस न्हाई झालं, आन नावबी जाऊ द्यायचं?"

अब्दुलनं पिवळा खडू घेतला आणि भीमाच्या नावाभोवती चौकट आखली. चारी कोपरे काटकोनात, पट्टी न लावता. म्हणाला, "आजपासून नियम. चौकटीतलं दहाव्यापर्यंत कुणी पुसायचं नाही."

मित्रांनो, तो नियम कुठल्या ठरावात नाही. पण तेवीस वर्षं पाळला गेला. सरपंच बदलले, ग्रामसेवक बदलले, चौकट कुणी मोडली नाही.

पुढं ग्रामपंचायतीनं झुंबरबाईला झाडलोटीच्या कामावर घेतलं. पहाटे ती थांबा झाडायची, मग ओल्या फडक्यानं मला पुसायची. फडकं माझ्याच खिळ्याला टांगलेलं. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण पिवळी रेघ ओळखता येत होती. रेघेपाशी आली की तिचा हात आपोआप थांबायचा. चौकटीच्या कडेकडेनं ती असं पुसायची, जणू आत कुणी निजलंय. अब्दुल आला की रोजचा एकच प्रश्न.

"आज कोन गेलं का, पेंटर?"

"आज सगळे हायेत, झुंबरबाई."

"मग ब्येस झालं."

एकदा तिनं थोडं लाजतच विचारलं, "म्या गेल्यावर माजं नाव येईल का रं ह्याच्यावर?"

"येईल ना. का नाही?"

"मोठं लिव बरं. माजं नाव कुटंच न्हाई. सातबाऱ्यावर न्हाई, दारावर न्हाई. हजेरीला बी आंगठाच. ह्या फळ्यावर दहा दिस ऱ्हाईलं तरी लई झालं."

अब्दुल हसला. म्हणाला, "तुझं नाव असं लिहीन, की गाडीतून दिसंल."

आता तुम्हाला कळलं असेल, माझ्यावर काय सोपवलेलं होतं. एक नाव. दहा दिवस. बस, एवढंच.

मग मोबाईल आले. माझा धंदा बसला. पाण्याची पाळी ग्रुपवर, निकाल ग्रुपवर. जिल्ह्याचं नाव बदललं, तेही गावानं आधी मोबाईलवर वाचलं. मला दुसऱ्या दिवशी शिळं झाल्यावर मिळालं. माझ्यावर क्लासच्या जाहिराती चिकटवायला लागले. एक गाय रोज माझ्या कोपऱ्याला मान घासायची, तिच्याइतकी माझी गरज दुसऱ्या कुणाला उरली नव्हती. अब्दुल येत राहिला, झुंबरबाई येत राहिली. पण अब्दुल लिहून झाल्यावर मागं वळून बघायचा, कुणी वाचतंय का. कुणी वाचत नसायचं. म्हातारा कारागीर असा मागं वळून बघतो ना, मित्रांनो, ते बघवत नाही.

अशात गेल्या वर्षी ती मालिका आली. 'उपसा'.

वाळूचोराची गोष्ट. त्याचं नाव राणू शेठ. पांढरा शर्ट, गळ्यात काळा दोरा, बोलणं कमी. पहिल्याच भागात तो एका तलाठ्याला ट्रॅक्टरखाली घालतो आणि दुसऱ्या भागात गावातल्या मुलींची फी भरतो. पहिलं लोक विसरले, दुसरं लक्षात ठेवलं. दर शुक्रवारी दुपारी बाराला नवा भाग यायचा. माझ्यासमोरच सुनीलचं केशकर्तनालय आहे. शुक्रवारी बारा वाजता तिथं अर्धी दाढी झालेली माणसं साबण लावलेल्या गालांनी मोबाईलमध्ये तोंड घालून बसायची.

भाग संपला की वाद. शेठचं शेवटी काय होणार?

दूध संकलनावरचा बन्सी छातीठोक सांगायचा, "आमदार व्हनार. लिहून घ्या. एवढी वाळू उपसल्यावर मानूस दुसरीकडं जातोच कुटं?"

"आरं, त्याला त्याचाच डायवर मारनार," सुनील म्हणायचा. "तिसऱ्या भागात शेठनं त्याला चहा दिला न्हाई, बघितलं न्हाईस का? तितंच बीज पेरलंय."

"चहावरनं कुनी खून करतं व्हय?"

"तुज्या डेअरीत फॅटवरनं हुत्यात, मग चहावरनं का न्हाई?"

असं चालायचं. एक दिवस सुनील अब्दुलला म्हणाला, "चाचा, फळ्याचा चार बोटं कोपरा द्या ना. कुनाचा काय अंदाज, ते लिवू. मोबाईलवर वाद घातला की भांडनं हुत्यात, इथं समोरासमोर हुईल."

अब्दुलनं कोपरा दिला. चार बोटांची वीत झाली, वितीचा हात झाला. महिन्याभरात माझा वरचा अर्धा भाग शेठचा झाला. 'शेठ दुबईला पळणार.' 'शेठ शरण येणार.' 'शेठ मरूच शकत नाही.' लोक थांबायला लागले. गाडी हललेली असताना कंडक्टर खिडकीतून ओरडून आपला अंदाज सांगायचा आणि अब्दुल तो लिहायचा. अब्दुलच्या अक्षराचे फोटो निघायला लागले. तो मागं वळायचा आणि मागं माणसं असायची.

मी खूश होतो. हे मी लपवत नाही. वीस वर्षं मी खरं सांगितलं तेव्हा गर्दी पांगत गेली. खोट्या माणसाच्या खोट्या मरणावर पैजा लागल्या तेव्हा गर्दी परत आली. आणि मला वाटलं, आपले दिवस फिरले.

झुंबरबाईला ते कळेना. एकदा शुक्रवारी दुपारी ती झाडू घेऊन गर्दीच्या मागं उभी राहिली.

"एवढी मानसं कशापायी? कोन गेलं?"

"कुनी न्हाई, मावशी," सुनील म्हणाला. "अजून जायचाय. राणू शेठ. शिरियलीतला."

"काय करतो?"

"वाळू काढतो. एक तलाठी मारला खरा, पन लई दिलदार मानूस."

तिनं झाडू टेकवला. मग म्हणाली, "त्याच्या खड्ड्यात कोन पडतं का रं, तुमच्या शिरियलीत?"

सुनील गोंधळला. "न्हाई बा. तसं कुटं दाखवलं न्हाई."

"आन तो तलाठी मारला म्हनताय. त्याची बायकू पुढं काय करती?"

कुणालाच आठवेना. ती बाई पहिल्या भागात एकदा रडली होती, मग दिसलीच नव्हती. बन्सी हसत म्हणाला, "मावशी, तुमी लई पुढचा इचार करता. आमचा अंदाज शेठपुरता."

"ते बी खरं," ती म्हणाली आणि झाडायला लागली.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी शेवटचा भाग येणार होता. आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, सुनील आणि बन्सी अब्दुलच्या मागं लागले. "चाचा, उद्या शेवट हाय. आज तुमच्या हातानं झकास लिवा. खालचा भाग पन द्या. आन भवती ती पिवळी चौकट आखा. चौकटीशिवाय वजन येत न्हाई."

अब्दुलचा हात थांबला. मी शपथेवर सांगतो, थांबला. मागं वीसपंचवीस माणसं उभी होती, मोबाईल वर धरून. त्यानं पिवळा खडू घेतला. चौकट आखली आणि आत लिहिलं : 'शेठचं काय होणार? उद्या दुपारी कळेल.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवीस वर्षांत चौकटीला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

गर्दी पांगली तेव्हा झुंबरबाई घराकडं निघालेली. दोन दिवस खोकत होती. पिवळी रेघ बघून थबकली.

"पेंटर, कोन गेलं?"

अब्दुल खडूचा डबा बंद करत होता. मान वर न करता म्हणाला, "कुणी नाही, झुंबरबाई. गंमत हाय."

"चौकटीत गंमत?"

एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. पदर डोक्यावर घेतला आणि कालव्याच्या बांधावरनं गेली.

शुक्रवारी सकाळी मला कुणी पुसलं नाही. फडकं खिळ्याला तसंच. अब्दुल सातला आला, अर्धा तास थांबला, मग तिच्या घराकडं गेला. घर कालव्यापलीकडं उसाच्या कडेला, एकटं. ती अंथरुणातच गेलेली होती. अब्दुलनंच तिच्या लेकीला, दिपालीला, फोन लावला. तीच ती, चार वर्षांची असताना कडेवर आलेली. आता तीही नवऱ्याबरोबर तोडणीला, संगमनेरकडच्या फडात. म्हणाली, चारपर्यंत पोचते, तोवर आईला हलवू नका.

नऊ वाजता अब्दुल माझ्यापाशी आला. गावाचा भोंगा दोन महिन्यांपासून बंद पडलेला. त्यानं मोबाईलवर निरोप टाकला, पण त्याचा भरवसा माझ्यावरच होता. कालची चौकट होतीच. त्यानं फक्त आतलं पुसलं आणि त्याच चौकटीत, त्याला येत होतं तेवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं :

'कै. झुंबरबाई भीमा गर्जे यांचे दुःखद निधन. अंत्यविधी आज दुपारी चार वाजता, नदीकाठी.'

खरंच गाडीतून दिसेल असं. वरचे शेठचे अंदाज त्यानं तसेच ठेवले. पोरं रुसतील असं वाटलं असेल. मग तो तिच्या घरी जाऊन बसला, कारण तिच्याजवळ बसायला दुसरं कुणी नव्हतं.

त्या सकाळी नऊ ते बारा माझ्यासमोरून किती माणसं गेली? मोजकी. आणि सुनीलच्या दुकानातली मंडळी? शेवट आधीच कुणी फोडू नये म्हणून त्यांच्यातल्या कुणी सकाळपासून गावचा ग्रुप उघडलाच नव्हता. दुकानाचं शटर अर्धं खाली. झुंबरबाईचा निरोप त्या ग्रुपात बाकीच्यांच्या शेठवरच्या दीडशे निरोपांखाली गाडला गेला.

दोन वाजता शटर वर गेलं. शेठ पुलावरून नदीत पडला होता. सुनीलचे डोळे लाल. हसू नका, मित्रांनो, तो खरंच रडला होता. तो तडक माझ्याकडं आला. काल चौकट त्यांना मिळालेली, म्हणून आजही ती त्यांचीच, असं तो धरून चालला. खिळ्यावरचं फडकं काढलं. झुंबरबाईचं फडकं. एका हातात मोबाईल, नजर मोबाईलवर, आणि दुसऱ्या हातानं कोरड्या फडक्याचे दोन फटकारे. न वाचता. तिचं नाव गेलं. माती किती वाजता, तेही गेलं.

मग त्यानं लिहिलं : 'राणू शेठ यांना भावपूर्ण श्रद्धांजली. असा माणूस पुन्हा होणे नाही.' बन्सीनं दुकानातल्या तसबिरीचा झेंडूचा हार काढून माझ्या कोपऱ्याला लटकवला. फोटो निघाले.

दोन ते चार ही आमच्याकडं माणसं परतायची वेळ. कांदा खुरपून बायका आल्या, कारखान्याची पहिली पाळी सुटली. थांब्यावर उतरलेला प्रत्येक माणूस चौकट बघून थबकला, टोपीकडं हात गेला. आणि सुनील हसत सांगायचा, "घाबरू नका, शेठ गेला." मग ते हसले आणि घरी गेले. ह्यातल्या निम्म्या बायकांच्या बाळंतपणात झुंबरबाईनं पाणी तापवलं होतं. त्या घरी जाऊन भाकऱ्या थापत बसल्या. त्यांना माहीतच नव्हतं.

साडेतीनला गाडी आली. दिपाली उतरली. फडातून थेट आलेली, हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे, केसांत पाचटाची कुसं. ती सातवी शिकलेली. तिच्या घरातली वाचता येणारी पहिली. तिनं सवयीनं माझ्याकडं बघितलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"दादा, हे राणू शेठ कोन? आपल्या गावातलं?"

"न्हाई हो ताई," सुनील उत्साहानं म्हणाला. "तुमी 'उपसा' बघत न्हाई? वाळूवाला शेठ. आजच गेला. पुलावरनं असा मागं झुकला..."

"आन माजी आई कुटंय?"

"कोन आई?"

"झुंबरबाई. झाडणारी. पेंटरकाका म्हनले, फळ्यावर लिवलंय."

सुनीलनं माझ्याकडं बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदा नीट. कोरड्या फडक्यानं खडू पुरता जात नाही. 'शेठ' या अक्षरांच्या मागं, पांढऱ्या धुरासारखा, मोठा 'झुं' अजून दिसत होता. खिळ्यावरचं फडकं त्याला एकदम ओळखू आलं.

बन्सी पुढं झाला. "ताई, चुकून झालं. आमाला वाटलं, चौकट कालचीच..."

"चुकून पाय पडतो, भाऊ," ती म्हणाली. "पुसाया हात उचलावा लागतो."

ती बांधाच्या वाटेला लागली. धावली नाही. धावणाऱ्याला निदान कुणी अडवतं, समजावतं. ती चालत गेली आणि हे दोघं खांबासारखे उभे. मग सुनील घरोघर पळाला, पण चार वाजत आले होते. झुंबरबाईच्या मातीला अकरा माणसं होती, त्यातल्या सात बायका. खांदा बदलायला माणूस मिळेना. चौथा खांदा अब्दुलनं दिला, सत्तरीच्या वयात, घरापासून नदीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पहाटे दिपाली माझ्यासमोर आली. झाडू घेऊन. आधी थांबा झाडला. मग फडकं ओलं केलं आणि मला पुसायला घेतलं. दुबई पुसली, आमदारकी पुसली, कंडक्टरचा अंदाज पुसला. पिवळ्या रेघेपाशी आली आणि तिचा हात थांबला.

तेवढ्यात अब्दुल आला. एका रात्रीत आणखी म्हातारा झालेला. "ते आतलं पूस, पोरी."

"न्हाई, काका. चौकटीतलं दहाव्यापर्यंत पुसायचं न्हाई."

"अगं, ते खोटं हाय. तो माणूसच नव्हता."

"चौकट तर खरी हाय ना? तुमीच काडली ना?"

अब्दुलनं डब्यातून खडू काढला.

"मग कडेला तुझ्या आईचं लिहितो," तो म्हणाला. "मोठं लिहितो."

"नको. चौकटीभायेर नको. तिची जागा आत हुती."

आणि ती चौकटीच्या कडेकडेनं पुसत राहिली, आईसारखी.

दहा दिवस, मित्रांनो. दहा दिवस मी त्या भल्या मोठ्या रिकाम्या काळ्या अंगावर फक्त एक वाळूचोर मिरवला. सुनीलला दुकानातून समोर तेच दिसायचं. त्यानं खुर्ची फिरवून घेतली, तर ते आरशात दिसायला लागलं. बन्सी डेअरीला मागच्या रस्त्यानं जायचा. बाहेरगावचे उतारू वाचून खिदळायचे आणि थांब्यावर कुणीच हसत नाही बघून गप्प व्हायचे. पुसायला एक फटकारा पुरे होता. एकाचीही हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर बातमी आली. राणू शेठ मेलाच नाही. नदीतून वर येतो म्हणे. पुढचा भाग निघणार. कुणाचाच अंदाज बरोबर आला नव्हता. गुरुवारी असती तर ही बातमी अब्दुलनं माझ्यावर रंगीत खडूनं लिहिली असती. आता कुणी कुणाला सांगितलीसुद्धा नाही. शेठ परत येतो. त्याच्यासारखे नेहमीच परत येतात. खड्ड्यात गेलेला भीमा आला नाही, झुंबरबाई येणार नाही.

दहाव्याला नदीवर अख्खं गाव लोटलं. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मेलेल्या माणसाला गर्दी मोजता येत नाही, म्हणून ती दहाव्याला जमवणं सोपं असतं.

तिथून सगळे माझ्यासमोर आले. सुनीलनं फडकं भिजवून आणलं होतं. ते हातात धरून दिपालीपुढं उभा राहिला.

"ताई, आज दहावा झाला. आता पुसू का?"

"पुसा. पन बघून पुसा."

त्यानं एकेक अक्षर वाचत पुसलं. ओठ हलत होते. मग अब्दुलनं पांढरा खडू काढला. लिहायला हात उचलला, पण खडू फळ्याला न लावताच परत खाली घेतला. दिपालीनं खडू त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः लिहिलं. सातवीतलं अक्षर, मधल्या वर्षांत कोयत्याशिवाय काही न धरलेल्या हाताचं. ओळ वर चढलेली, 'झ' उलटा वाटावा असा. नुसतं 'झुंबरबाई'. ना कैलासवासी, ना भावपूर्ण. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वेडंवाकडं अक्षर, आणि गाडीतून दिसेल एवढं मोठं.

"आजपास्नं दहा दिस," ती म्हणाली आणि दुपारच्या गाडीनं फडावर परत गेली.

त्याला आता तीन महिने होत आले. ती चौकट अजून कुणी पुसलेली नाही. दहा दिवस केव्हाच संपले, पण पुसणार कोण? अब्दुलनं त्यानंतर खडू हातात धरला नाही. सकाळी येतो, समोरच्या कट्ट्यावर बसतो, मागं वळून बघत नाही. उसाच्या ट्रकांची धूळ आणि उन्हाळी वारा ते नाव रोज थोडं थोडं खात आहेत. 'बाई' जवळजवळ गेलं. ग्रामपंचायत इथं लाल दिव्यांचा नवा फलक लावणार आहे, त्याच्यावर अक्षरं आपोआप पळतात आणि आपोआप पुसली जातात. मग मी पुन्हा कुठल्या गोदामाचं दार होईन किंवा चुलीत जाईन. त्याची मला खंत नाही.

खंत एवढीच, की एका बाईनं माझ्याकडं आयुष्यात एकच गोष्ट मागितली. दहा दिवसांतले पाच तास मी ती दिली आणि टाळ्यांच्या नादात बाकीचे दिवस गमावले.

मित्रांनो, तुमच्या त्या शेठांच्या शेवटाची चिंता खुशाल करा. पण आपल्या गल्लीत आज कोण गेलं, तेही एकदा विचारत जा. आणि काहीही पुसण्याआधी वाचत जा. वाचता येत नसेल, तर झुंबरबाईला येत होतं तेवढं तरी शिका : पिवळी रेघ दिसली की हात थांबवायचा.